श्रमाचे अर्थशास्त्र : गिरणीच्या दारातले आणि गावाकडचे

कॉलेजात पदवीच्या मुलांना मी अर्थशास्त्र शिकवतो. त्यातला ‘श्रमाचे अर्थशास्त्र’ हा भाग माझ्याकडे आहे. नाव जड वाटते, पण विषय साधा. माणूस काम करतो, त्याचे त्याला पैसे मिळतात. ते किती मिळावेत हे कोण ठरवते? काम कुणाला मिळते, कुणाला मिळत नाही, आणि का? बस्स, एवढाच. मुंबईच्या मास्तराने हे खेड्यातल्या मंडळींना कशाला सांगावे, असे कुणी म्हणेल. पण या विषयाचा निम्मा धडा मुंबईत नाही, तो तुमच्या गावात आहे. मला तो उशिरा कळला.

आमचे कॉलेज दादर-परळच्या पट्ट्यात आहे. वर्गातली पुष्कळ मुले लालबाग, परळ, नायगावच्या चाळींतून येतात. सुरुवातीची काही वर्षे मी हा विषय पुस्तकात आहे तसाच शिकवला. फळ्यावर दोन रेघा काढायच्या, एक मागणीची, एक पुरवठ्याची. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे मजुरी ठरली, असे म्हणून हात झटकायचे. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, “सर, माझे आजोबा रोज सकाळी गिरणीच्या दारात जायचे. काम मिळालं तर मिळालं, नाहीतर तसेच घरी. परत आले त्या दिवशी ते तुमच्या कुठल्या रेघेवर होते?” वर्ग हसला. मीही हसलो. घंटा झाली म्हणून सुटलो, एवढेच.

तिचे आजोबा बदली कामगार. म्हणजे कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी घ्यायचा माणूस. पूर्वी कुणाला आत घ्यायचे हे जॉबरच्या मर्जीवर असे, आणि ती मर्जी फुकट मिळत नसे. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदलीची कार्डे देण्याची पद्धत आली. कार्डवाल्याने रोज सकाळी दारात हजर राहायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरचा हात थोडा आखडला. पण भोंगा वाजून दार बंद झाल्यावर बाहेर राहिलेल्याचा दिवस गेला तो गेलाच.

आता पाहा, भाजीवाली संध्याकाळी उरलेली मेथी कमी भावात काढते, कारण ती उद्या कोमेजणार. श्रम मेथीपेक्षाही नाशिवंत. मेथी निदान रात्रभर पाण्यात ठेवता येते. आजची न विकलेली पाळी उद्या विकता येत नाही. म्हणून काम मागणारा नेहमी घाईत, आणि काम देणारा निवांत.

हे मी नवे सांगतो आहे असे नव्हे. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा मोठा ग्रंथ १८९० मध्ये निघाला. श्रम हा इतर मालासारखा माल का नाही, हे त्यात सविस्तर आले आहे. श्रम साठवता येत नाही. तो विकणाऱ्याला स्वतः जागेवर हजर व्हावे लागते. आणि सौद्यात त्याची बाजू बहुधा लंगडी असते. गंमत अशी की त्याच साली, १० जून १८९० रोजी, मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची कित्येक वर्षांची खटपट होती. म्हणजे तिकडे पुस्तकात लिहिले जात होते ते इकडे माणसे जगत होती. आमची मुले मात्र मार्शल पाठ करतात आणि लोखंड्यांचे नाव त्यांना पुष्कळदा वर्गात प्रथमच ऐकू येते. हा दोष मुलांचा नाही.

मार्शलने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती तुमच्यासाठी. माणसाला लहानाचा मोठा करण्याचा, शिकवण्याचा खर्च जो करतो, त्याला त्या माणसाच्या कमाईतला फार थोडा भाग मिळतो. यंत्र बनवणारा यंत्राची किंमत घेतो. मुलगा वाढवणाऱ्या आईला गिरणीमालक काय देतो?

रत्नागिरीतला, साताऱ्यातला पोरगा पंधरा-सोळा वर्षे गावच्या भाकरीवर वाढला. मग तो परळला आला, दहा-पंधरा गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकून राहिला. आजारी पडला की गावी गेला. थकला की गावी गेला. संप झाला तरी गावीच गेला. गिरणीने फक्त त्याची उमेदीची वर्षे घेतली. बालपण आणि म्हातारपण यांचा खर्च शेतीवर पडला. गावी येणारी मनिऑर्डर सगळ्यांना दिसे, पोस्टमन ती वाजवून देई. पण गावातून मुंबईला गेलेला हा ऐवज कुठल्याच वहीत चढला नाही. गावाच्या या आधारामुळे मजुरी कमी ठेवणे शक्य झाले, असे माझे मत आहे. आणि त्याच आधारामुळे कामगार संपात टिकू शकला, हेही तितकेच खरे. १९२८ चा संप सहा महिने चालला तो केवळ सभांवर नव्हे.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाबद्दल मुले हमखास विचारतात, “सर, तो बरोबर की चूक?” सुमारे अडीच लाख माणसे त्यात होती, कुणाचा आजोबा, कुणाचा चुलता. मी निकाल देत नाही, हिशेब मांडायला सांगतो. पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा, ही एक मागणी होती. १९४६ च्या कायद्याने एकाच संघटनेला बोलणी करण्याचा हक्क दिला होता, तो कायदा काढा, अशी दुसरी. समोर मालक. त्यांना कापड भिवंडीच्या मागांवर विणून घेता येत होते. जे काम दुसरीकडे करून घेता येते, ते थांबवण्याने दुसऱ्याची अडवणूक फारशी होत नाही. पुस्तकातला हा नियम मुलांना एरवी रुक्ष वाटतो. त्या दिवशी कुणी जांभई देत नाही.

अलीकडे वर्गातली दोन-चार मुले संध्याकाळी मोबाईलवर काम घेऊन घरोघर जेवणाचे डबे नि पार्सले पोचवतात. ऑर्डर आली तर पैसे, नाहीतर रस्त्याच्या कडेला मोटारसायकलवर बसून राहायचे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या आली. मी ती वाचून दाखवली तेव्हा एक जण पुटपुटला, “म्हणजे बदलीच की!” हे उत्तर परीक्षेत लिहिले असते तर मी पुरे गुण दिले असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेत हा विषय नाही. तरी वरच्या वर्गातल्या मुलांना एवढे करायला सांगून पाहा. घरात महिनाभर कुणी काय काम केले, किती तास केले, आणि त्याचे पैसे कुणाला व केव्हा मिळाले, ते लिहून आणा. ऊसतोडीला गेलेल्या घरात उचल किती घेतली, तेही लिहा. मी आता वर्षाची सुरुवात यानेच करतो, रेघा मागाहून.

त्या मुलीनेही तक्ता आणला होता. आजोबांच्या नावापुढे कामाचे दिवस आणि रिकामे दिवस, घरच्यांना विचारून भरलेले. खाली आजीचे नाव. आजी घरात खानावळ चालवायची, बारा गिरणी कामगारांचे दोन वेळचे जेवण, पैसे पगाराच्या दिवशी. अशा बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये बांधली, ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’, हे मी वर्गात सांगितले होते. ते तिने टीपेत लिहिले होते. ‘कामाचे तास’ या रकान्यात तिने ‘पहाटे चार ते रात्री अकरा’ असे लिहिले होते. आणि ‘मजुरी’ या रकान्यात, पेन्सिलीने : ‘उरेल ते’.