आराखड्यात टोपलीची जागा



पावसाची पहिली सर आली की कल्याण, ठाणे, बोरिवलीच्या स्टेशनांबाहेर आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. शेवळं घशाला खाजतात, म्हणून शेजारी ती खाज मोडणाऱ्या काकड फळांचा वाटाही असतो. मागाहून टाकळा, कुरडू, भारंगी, कर्टोली. गिऱ्हाईक नवखं दिसलं तर भाजी निवडायची कशी, शिजवायची कशी, हेही त्या सांगतात. नगररचनाकारांच्या या परिषदेत काय बोलावं, असा विचार करताना मला या टोपल्याच आठवत राहिल्या.

पाणी कुठून येतं आणि मैला कुठे जातो, याचे नकाशे आपल्यापाशी आहेत. भाजी कुठून येते याचा नकाशा मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत एकदाही काढला नाही. याची मला खंत आहे. कायद्याची आडकाठी नव्हती. 1966 च्या आपल्या नगररचना कायद्यात निवास आणि उद्योगाच्या जोडीला शेती हाही जमिनीचा वापर म्हणून सांगितला आहे. मंडईसाठी जागा राखून ठेवता येते. पण आराखड्यातला हिरवा पट्टा म्हणजे पुढल्या फेरीत पिवळा, म्हणजे निवासी, करायची शिल्लक, असं आपणच ठरवून टाकलं.

त्याची किंमत वसईने मोजली. तिथल्या वाड्यांतली केळी, पालेभाजी, फुलं पहाटेच्या लोकलने दादरला यायची. अजूनही येतात, पण वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखी माणसं हरित वसईसाठी लोकांना घेऊन रस्त्यावर उतरली. ते काम खरं तर आपल्या टेबलावर व्हायला हवं होतं.

गच्चीवरच्या बागेचं मोल मी कमी मानत नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर 2002 च्या सुमारास ओल्या कचऱ्याचं खत करून भाज्या आणि फळझाडं वाढवली गेली. सोसायट्यांनी तिथून खूप शिकावं. पण गच्चीवर शहराचं पोट भरत नाही. जमीन लागते, पाणी लागतं आणि विकायला जागा लागते.

अर्जेंटिनातल्या रोसारियो शहराने हे तिन्ही एकत्र पाहिलं. 2001 च्या आर्थिक संकटात लोकांचे रोजगार गेले. नगरपालिकेने पुढच्याच वर्षी रिकाम्या जमिनी शोधून लोकांना कसायला दिल्या आणि पिकलेलं विकायला चौकांत बाजार भरवले. बाजाराशिवाय तो उपक्रम एका हंगामातच संपला असता, असं माझं मत आहे.

आपल्याकडे रुळांकडेच्या जागेत माठ, पालक, भेंडी पिकते. 'ग्रो मोअर फूड' योजनेत रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांना ती जमीन दिली, त्यामुळे अतिक्रमणही रोखलं गेलं. तिथे नाल्याचं पाणी वापरलं जातं ही तक्रार खरी आहे आणि गंभीर आहे. पण त्यावर उपाय मळा उखडणं हा नव्हे. प्रक्रिया केलेलं पाणी आपण खाडीत सोडतो. त्याची तपासणी करून, खात्री पटल्यावर त्यातलं थोडं मळ्यांकडे वळवता आलं पाहिजे.

आणि विकण्याची जागा. 2014 चा पथविक्रेता कायदा सांगतो की नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेते असावेत आणि त्यांतल्या एकतृतीयांश तरी स्त्रिया. तरीही मी एका शहरात शेवळांची टोपली गाडीत फेकली जाताना पाहिली आहे. ती बाई पहाटे तीनला घरून निघाली होती. जप्तीची पावती हातात घेऊन ती कितीतरी वेळ तिथेच उभी होती. मी तेव्हा त्याच शहराच्या आराखड्यावर काम करत होतो आणि काहीच बोललो नाही.

शेवळांवाली बाई बारमाही फेरीवाली नाही. पावसाळ्याचे काही आठवडे ती येते. विक्रेत्यांची पाहणी उन्हाळ्यात झाली तर त्यांच्या यादीत तिचं नाव लागणारच नाही. म्हणून पाहणी पावसाळ्यातही व्हावी, आणि प्रत्येक स्टेशनाबाहेर हंगामी विक्रीसाठी छपराची, नळ असलेली, शुल्क नसलेली जागा आराखड्यातच दाखवावी, असा ठराव मी संध्याकाळच्या सत्रात मांडणार आहे. दुपारी तीन शहरांचे नकाशे भिंतीवर लागतील. त्यांवर भाजीच्या टोपल्या आज कुठे कुठे बसतात, तेवढं प्रत्येकाने आपल्या आठवणीतून पेन्सिलने खुणावून ठेवावं, ही विनंती.