पोटाचे बळ आणि साधनांची निवड
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संस्थेने व्यायामशाळा काढण्याचे योजिले आहे. सकाळी ती विद्यार्थ्यांसाठी मोफत असावी आणि सायंकाळी गावातील सभासदांकडून वर्गणी घेऊन चालावी, असा विचार आहे. साधनांच्या यादीत पोटाच्या व्यायामाची यंत्रे सर्वांत वर आहेत, कारण तरुणांची मागणी तीच आहे. म्हणून याच विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीससाहेबांची आज्ञा झाली.

‘तालीम’ हा शब्द मोठा मौजेचा आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण आणि मराठीत तालीम म्हणजे आखाडा. अरबीतून आलेला शब्द एकच. बडोद्याचे प्रा. माणिकराव व्यायामक्षेत्रात थोर मानले जातात. त्यांचे गुरू जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद. शिष्याच्या व्यायाममंदिराला नाव गुरूचेच आहे. तेव्हा व्यायामशाळेचे काम संस्थेच्या हेतूला सोडून नाही.

आता मूळ मुद्दा. पोटाचे बळ म्हणजे पोटावर दिसणाऱ्या वळ्या नव्हेत. पोटात सरळ, तिरके आणि आडवे असे स्नायू आहेत. पाठीच्या स्नायूंबरोबर ते कण्याला चहूबाजूंनी आवळून धरतात. आपल्या भागातील ऊसतोड कामगार मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढतो, तेव्हा त्याचा कणा हेच स्नायू सावरतात. आपल्याच आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे पाहा. त्यांच्या 3000 मीटर स्टीपलचेस शर्यतीत 28 अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या असतात. प्रत्येक उडीनंतर धड डळमळले तर वेग मोडतो. त्यांनी 2022 मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि 2023 मध्ये हांगझोला आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. लहानपणी ते घडले ते शाळेच्या पायवाटेवर, चकचकीत यंत्रावर नव्हे.

दुसरी गोष्ट सभासदांना पहिल्याच दिवशी सांगावी. पोटाच्या व्यायामाने पोटावरचीच चरबी उतरते, हा समज खोटा आहे. 2011 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांनी सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, पोटाचे सात व्यायाम केले. स्नायूंचा दम वाढला, पण पोटावरची चरबी लक्षात येईल इतकी घटली नाही. चरबी उतरते ती आहार आणि सर्वांगाच्या श्रमाने. पोटाला बांधायच्या विजेच्या पट्ट्यांवर तर एक पैसाही घालू नये. अशा पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2002 साली खोट्या जाहिरातींबद्दल दावे लावले होते.

मग घ्यावे काय? माझ्या मते क्रम असा असावा. प्रथम जाड चटया. धड सरळ ताठ धरून ठेवण्याचे व्यायाम त्यांवरच होतात आणि एका वेळी वीस मुले करू शकतात. दुसरा, भिंतीत पक्का बसवलेला लोंबकळण्याचा दांडा आणि कोपर टेकून गुडघे वर घेण्याचा उभा स्टँड. तिसरा, पाठीच्या व्यायामाचा तिरपा बाक, ज्याला रोमन चेअर म्हणतात. नुसते पोट कसले आणि पाठ दुबळी राहिली तर काम अर्धेच झाले. चौथी, केबल आणि पुलीचे यंत्र. त्यावर धड वळवण्याचे व्यायाम होतात, शिवाय हात, खांदे, पाठ यांचेही होतात. बसून पुढे वाकण्याचे खास पोटाचे यंत्र सर्वांत शेवटी, पैसे उरले तर.

हे मी ठेच लागून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका व्यायामशाळेसाठी असे यंत्र मीच निवडले. रंग पाहिला, गादी पाहिली, बसून मात्र पाहिले नाही. त्याची बैठक वरखाली होत नव्हती. यंत्राचा हात ज्या आसावर फिरतो, तो आस बसणाऱ्याच्या वाकण्याच्या जागेशी जुळावा लागतो. तो उंच माणसाला जुळे, मुलांच्या छातीशी येई. वजनाची पहिली पायरीच इतकी जड होती की मुले मानेला हिसके देत. वर्षभरात त्या यंत्रावर टॉवेल वाळू लागले. लोकांचा पैसा माझ्या हातून वाया गेला, याची टोचणी आजही आहे.

म्हणून खरेदीला जाताना एक उंच आणि एक ठेंगणा, असे दोन विद्यार्थी बरोबर न्यावेत. दोघांनाही बसवून पाहावे. बैठक आणि पायाचा गोल सरकतो का, वजन थोडे थोडे वाढवता येते का, हे तपासावे. जोर लावून सांगाडा हलवून पाहावा, वेल्डिंगचे जोड निरखावेत. घरगुती वापराचे साधन स्वस्त मिळते, पण दिवसाला पन्नास माणसांखाली ते टिकत नाही आणि हमीही जाते. हमी लेखी घ्यावी. आणि एक प्रश्न जरूर विचारावा : केबल तुटली तर ती कोठे मिळेल? कारागीर नगर किंवा पुण्याहून येईपर्यंत यंत्र बंद राहील. आष्टीतला वेल्डर जे दुरुस्त करू शकेल, ते साधन आपले. केबलचे वरचे आवरण फाटलेले दिसले की त्याच दिवशी वापर थांबवावा.

पालकहो, यंत्रापेक्षा शिकवणारा महत्त्वाचा. हर्निया, कंबरदुखी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या साधनांना हात लावू नये. मुलींसाठी स्वतंत्र वेळ आणि शिक्षिका यांची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करावी. पोटाचे आणि पाठीचे बळ त्यांनाही तितकेच हवे.

देणगीचा पैसा ही अमानत आहे. त्यात कोणा मजुराची दिवसभराची कमाई असते. व्यायामशाळेत यंत्रे कमी दिसली तरी हरकत नाही, पण जे आणाल त्यावर रोज कोणाचा तरी घाम पडला पाहिजे.

अल्लाह आपल्या कार्यात बरकत देवो.