पाळकाचा एक आठवडा

पाळकाला रविवारी तासभर काम आणि बाकी सहा दिवस सुट्टी, असं आमच्या मंडळीतली पोरं गमतीनं म्हणतात. त्यांच्यासाठी मागच्या महिन्यातला एक आठवडा सांगतो.

सोमवारी पहाटे पुण्याहून जावयाचा फोन आला, मुलीला दवाखान्यात नेलंय. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टर पुण्याचे, म्हणून ती तिथंच राहिली होती. आम्ही दोघं नगरहून पहिल्या एसटीनं निघालो. दुपारी नात झाली.

निघताना एक काम मागे राहिलं होतं. आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त गुरुजींनी निरोप धाडला होता, घरी येऊन प्रभुभोजन द्या. ऐंशीच्या पुढचं वय, अंथरुणाला खिळलेले. मंगळवारी येतो, असं मी कळवलं होतं. नात मांडीवर असताना मंगळवार कुणाला आठवतो? मुक्काम वाढवला, साधा फोनही केला नाही. बुधवारी सकाळी निरोप आला, गुरुजी गेले.

तसाच परत फिरलो. घरात भजन चाललं होतं. गुरुजींची पेटी आज दुसराच कुणी वाजवत होता. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831मध्ये आलं, पण आमच्या घरांत टाळ-पेटीवर जे गातात त्यात मोठा वाटा रेव्हरंड ना. वा. टिळकांचा. 1895मध्ये ते ख्रिस्ती झाले, पण अभंग-भजनाची गोडी त्यांनी सोडली नाही. गुरुजींना त्यांची पदं तोंडपाठ. माझ्या उपदेशापेक्षा लोक त्या पेटीसाठी जास्त येत, हे मला ठाऊक होतं.

आजी कोपऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, "सलाम, पाळकसाहेब. काल त्यांनी धुतलेला सदरा घालून घेतला. संध्याकाळपर्यंत दाराकडं बघत होते." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "आजी, माझं चुकलं." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "लेकीचं काय झालं?"

"मुलगी."

"मग पेढे?"

पेढ्यांचा पुडा माझ्या पिशवीत होता. तो कुणाला दिसू नये म्हणून वर पंचा टाकला होता. "माती देऊन आल्यावर पोरांना वाटा," त्या म्हणाल्या, "सकाळपासून उपाशी आहेत." कबरस्थानातून परतल्यावर मी त्या ओसरीवर पेढे वाटले. दोघातिघांना ते खटकलं, चेहऱ्यावर दिसत होतं.

शुक्रवारी आणखी एक दफन झालं, अपघातात गेलेल्या तरुणाचं. त्याबद्दल आज बोलवत नाही. शनिवारी लग्न होतं. वऱ्हाड दोन तास उशिरा आलं आणि नवरदेवाचे मित्र देवळाच्या दारातच नाचायला लागले. मीही हसलो, आणि ते हसू खरं होतं. रविवारी एकाच कागदावरून दोन निधनं, एक लग्न आणि माझी नात, असं सगळं वाचून दाखवलं.

पुढच्या मंगळवारी प्रभुभोजनाचं साहित्य घेऊन त्या घरी गेलो. आजी धुवट पातळ नेसून दाराशीच बसल्या होत्या. मी चपला काढतोय तोच त्यांनी विचारलं, "नातीचं नाव काय ठेवलं?"