आधी विचारा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या शाळेमागच्या डोंगराला पायऱ्या आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हातून त्या झाल्या. त्या दगडांच्या नादानं मी भूशास्त्रात गेलो. आता दर उन्हाळ्यात कॉलेजची चार-पाच मुलं माझ्याकडे इंटर्नशिपला येतात. आज त्यांच्याविषयी बोलतो.

सुरुवातीला माझा सगळ्यांना एकच नियम होता. सकाळी सहाला जीप, दिवसभर हातोडी, होकायंत्र आणि वही, रात्री माझ्यासमोर नोंदी वाचायच्या. एका वर्षी एक हुशार मुलगी दहाव्या दिवशी निघून गेली. घरी आई आजारी होती, रात्री उशिरापर्यंत थांबणं तिला जमत नव्हतं. तिनं ते सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नाही. पुढे तिनं हा विषयच सोडला. ती चूक माझी.

तेव्हापासून खडक दाखवण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो. काय शिकायचंय? कोणत्या वेळा जमतील? अडलं तर समोर विचाराल, फोनवर, की लिहून? चढ न जमणारा मुलगा सूक्ष्मदर्शकाखाली बेसाल्टचे पातळ काप पाहतो. घर सोडता न येणारी मुलगी उपग्रहचित्रांवरून डाइक शोधते. कुणाला रोज दहा मिनिटं लागतात, कुणाला आठवड्यातून एकदा तासभर. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारतो, कारण गरजा बदलतात. मात्र तीन गोष्टींत सूट नाही: नमुन्यावर जागेवरच क्रमांक घालायचा, नोंद त्याच दिवशी करायची आणि घाटात एकट्यानं उतरायचं नाही.

हे खरं तर मी इथेच शिकलो होतो. मी बोलताना अडखळायचो, तुम्ही हसायचात! भूगोलाच्या बाईंनी मला तोंडी परीक्षेऐवजी याच डोंगराचा मातीचा नमुना करायला सांगितला. बाई, तुम्ही माझ्यासाठी वाट बदललीत. मीच ते विसरलो आणि त्याची किंमत त्या मुलीनं मोजली.

मित्रांनो, तुमच्या दुकानात, शेतावर, दवाखान्यात शिकायला मुलं येतात. काम शिकवण्याआधी त्यांना एकदा विचारा, एवढंच मागणं.