साडेबारा वाजता येणारे किरण

आज कर्जाचे हप्ते नाहीत आणि पापड-लोणचीही नाहीत. आज आकाशातून येणाऱ्या किरणांबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, हे काय मध्येच? तर त्याला कारण आमच्या हातून झालेली एक चूक आहे. ती आधी सांगतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला. तुमच्याकडेही कधीतरी आला असेल, कारण तो बरीच वर्षं फिरतो आहे. आज रात्री साडेबारा ते साडेतीन मंगळावरून निघालेले कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाईल बंद करा, अंगाजवळ ठेवू नका, असं त्यात होतं. खाली नासाचं नाव, बीबीसीचं नाव. आम्ही वाचलं, घाबरलो आणि पुढे पाठवलं. काळजीपोटीच पाठवलं. रात्री गटातल्या बहुतेक जणींचे फोन बंद.

त्याच रात्री एकच्या सुमाराला आमच्यातल्या एका ताईंच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मुलगा तळोज्याला रात्रपाळीला. घरात सासू-सून दोघीच. सून म्हणाली, "आई, फोन सुरू करा, १०८ ला लावू." पण ताईंचा हात धजेना. पोटातल्या बाळाला ते किरण बाधले तर? शेवटी त्या अंधारात, पावसात गावाच्या दुसऱ्या टोकाला आशाताईंचं दार ठोठवायला गेल्या. आशाताईंचाही फोन बंदच होता. तो सुरू करून गाडी बोलावेपर्यंत पाऊण तास गेला. पहाटे दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, म्हणून आज हे हसून सांगता येतं.

त्यानंतर आम्ही ठरवलं, हे कॉस्मिक किरण म्हणजे काय ते नीट समजून घ्यायचं. विज्ञानाच्या एका बाईंकडे बसलो, विचारून विचारून त्यांना हैराण केलं. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ऐकून आम्हीही दचकलो. हे किरण खरे आहेत. मराठीत त्यांना विश्वकिरण म्हणतात. आणि ते साडेबाराला येत नाहीत, ते सतत येतात. आत्ता तुम्ही रेडिओ ऐकत भाकरी थापत असाल, तर तुमच्या तळहातातून साधारण दर सेकंदाला एक कण आरपार जातो आहे. छपरातून, कौलातून, स्लॅबमधून येतो आणि खाली जमिनीत शिरतो. आपल्या आजीच्या, पणजीच्या हातातूनही तो असाच जात होता. तेव्हा मोबाईल नव्हता.

नाव किरण असलं तरी हे उन्हासारखे किरण नाहीत. हे अतिशय बारीक कण आहेत. दहातले सुमारे नऊ प्रोटॉन असतात, म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा. ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात. काही सूर्यावरून येतात, पण बरेचसे फार लांबून. मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो, तेव्हा त्या स्फोटाच्या लाटांमध्ये या कणांना असा वेग मिळतो. तिथून निघालेला कण लाखो वर्षं भटकत आपल्यापर्यंत पोहोचतो.

हे कळलं कसं? शंभर वर्षांपूर्वी लोकांना वाटायचं की असले किरण जमिनीतल्या दगडांतूनच येतात. तसं असेल तर उंच गेल्यावर ते कमी व्हायला हवेत. ऑस्ट्रियाचा व्हिक्टर हेस हा शास्त्रज्ञ १९१२ साली मोठ्या फुग्याला टांगलेल्या टोपलीत बसून, उपकरणं घेऊन पाच किलोमीटरहून उंच गेला. बघतो तर किरण वाढलेले! म्हणजे ते वरून येत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सूर्यग्रहण होतं. आपल्याकडे ग्रहणात गरोदर बाईला कोपऱ्यात बसवतात, हा बाबा त्या वेळी फुग्यात बसून आकाशात गेला. सूर्य झाकला गेला तरी किरण कमी झाले नाहीत. त्यावरून त्याने ताडलं की यांचं मूळ सूर्याच्याही पलीकडे आहे. या कामासाठी त्याला १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या वेगाचे कण येतात तर आपल्याला काही होत कसं नाही? आपल्यावर दोन पांघरुणं आहेत, म्हणून.

पहिलं पांघरूण चुंबकाचं. अख्खी पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे. जुना डबा टीव्ही आठवतो? मुलं त्याच्याजवळ स्पीकरचा चुंबक नेायची आणि चित्राचे रंग वाकडेतिकडे व्हायचे, मग आपण ओरडायचो. टीव्हीच्या आत विजेचा भार असलेले कण धावायचे आणि चुंबक त्यांची वाट वाकवायचा. विश्वकिरणांचंही तेच. त्यांच्यावरही विजेचा भार असतो, म्हणून पृथ्वीचा चुंबक त्यांची वाट वळवतो आणि कमी जोराच्या कणांना माघारी लावतो. विषुववृत्ताजवळ हा अडसर सगळ्यांत भक्कम असतो, ध्रुवांजवळ सैल. आपला देश विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे आपल्याकडे हा पहारा चांगला कडक आहे.

या चुंबकावर लक्ष ठेवणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिची अलिबागची वेधशाळा १९०४ सालची. आधी या नोंदी मुंबईत कुलाब्याला होत असत. पण मुंबईत विजेवरची ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या तारांनी मोजमाप बिघडलं असतं, म्हणून वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला नेली. इमारतही चुंबकाला न ओढणाऱ्या दगडाची, लोखंड टाळून बांधली. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुना हिशेब नव्याला जुळावा. आपण गटाची वही बदलताना मागची शिल्लक पुढे आणतो ना, अगदी तसं!

दुसरं पांघरूण हवेचं. हवेला वजन नसतं असं आपल्याला वाटतं. पण आपल्या डोक्यावरची सगळी हवा वजनाला दहा मीटर, म्हणजे तेहेतीस फूट पाण्याएवढी भरते. भरलेल्या विहिरीच्या तळाशी बसावं तसे आपण या हवेच्या तळाशी राहतो. चुंबकाला चुकवून आलेला कण या हवेवर आदळतो, तोही पंधरा-वीस किलोमीटर वर. कॅरममध्ये स्ट्रायकर मारला की सोंगट्या चौफेर फुटतात, तसे त्या एका कणातून नवे कण फुटतात, त्यांतून आणखी. असा सडा पडत खाली येतो. या सड्याचं गणित १९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर मांडणारे शास्त्रज्ञ आपल्या मुंबईचे होते, होमी भाभा. खाली येता येता बहुतेक कण हवेतच जिरतात. जमिनीवर पोहोचतात ते मुख्यतः म्यूऑन नावाचे कण. तळहातातून जाणारा म्हणून मघाशी सांगितला तो हाच.

दगडमातीतून, हवेतून, अन्नातून आपल्याला निसर्गाचा जो किरणोत्सार रोज मिळतो, त्यात विश्वकिरणांचा वाटा सरासरी सहावा हिस्सा. उंचावर पांघरूण पातळ होतं, म्हणून विमानात तो जास्त मिळतो. आता उलव्याच्या विमानतळावरून विमानं उडतात. कधीमधी विमानात बसणाऱ्याने त्याची चिंता करायची नाही. वर्षानुवर्षं विमानातच नोकरी करणाऱ्यांचा हिशेब मात्र बऱ्याच देशांत ठेवतात.

आणि मंगळ? मंगळ कुणाला किरण पाठवत नाही. त्या बिचाऱ्याचं चुंबकाचं पांघरूण केव्हाच गेलं, हवाही आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी. त्याच्यावरच विश्वकिरणांचा मारा होतो.

पांघरूण खरंच सरकलं तर काय होतं, तेही ऐका. २२ जून २०१५ ला सूर्यावरून निघालेलं एक वादळ पृथ्वीवर आदळलं. तमिळनाडूत उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ग्रेप्स-३ नावाची मोठी यंत्रणा म्यूऑन मोजते. तिथे सुमारे दोन तास म्यूऑन वाढलेले दिसले. चुंबकाचं कवच तेवढ्यापुरतं दुबळं झालं होतं, असं तिथल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं. त्या दोन तासांत तुम्ही-आम्ही काय करत होतो? आम्हाला तर काही आठवत नाही. कुणाला कळलंच नाही. फोन बंद करा म्हणून कुणी सांगितलं नाही, कारण फोनचा त्याच्याशी संबंधच नाही. फोन रेडिओच्या लहरींवर चालतो. तो सुरू असला काय, बंद असला काय, म्यूऑन आपल्या वाटेने जातोच.

मैत्रिणींनो, त्या रात्री धोका आकाशातून आला नव्हता. तो आमच्या बोटांतून गेला. आता आमच्या गटाने दोन गोष्टी ठरवल्या आहेत. घाबरवणारा मेसेज आला की पुढे पाठवायच्या आधी कुणा जाणत्याला विचारायचं. आणि घरात दिवस भरलेली बाई, तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल, तर रात्री फोन चार्ज करून, सुरू ठेवून उशाशी ठेवायचा. साडेबाराला, साडेतीनला, केव्हाही.

ती मुलगी आता रांगायला लागली आहे. तिच्या इवल्याशा हातातूनही ते कण जातायत, आणि ती मजेत आहे.

तुमच्या गावात असा कोणता मेसेज फिरतो आहे, ते आम्हाला जरूर कळवा. आपण मिळून त्याचा छडा लावू. पुन्हा भेटू पुढच्या आठवड्यात, याच वेळी. नमस्कार.