वेलंड सोनाराची हाडं



पत्रिकेत माझा विषय 'जुन्या इंग्रजीतले श्रमाचे शब्द' असा छापला आहे. आत येताना दारातच एका गृहस्थांनी मला अडवलं. म्हणाले, "वसंत व्याख्यानमालेत इंग्रजी कशाला? क्लास लावला की येतंच ते!" (हशा) त्यांना सांगतो, हे इंग्रजी असल्या क्लासात शिकवत नाहीत. ते आजच्या इंग्रज माणसालाही वाचता येत नाही. 1066 साली नॉर्मन आले, त्याआधीची ही भाषा. तो इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत, त्यात शिरत नाही. मी एका शब्दासाठी आलो आहे.

तो शब्द 'क्राफ्ट'. आज क्राफ्ट म्हटलं की आपल्याला घोटीव कागद, कात्री आणि डिंक आठवतो. जुन्या इंग्रजीत त्याचा मुळातला अर्थ होता बळ. जर्मनमध्ये तो अजून तसाच आहे. इंग्लंडात मात्र बळावरून तो कसबावर आला, आणि कसबावरून चक्क सद्गुणावर. वेसेक्सच्या आल्फ्रेड राजानं 871 ते 899 राज्य केलं. रोमन तत्त्वज्ञ बोएथिअसच्या लॅटिन ग्रंथाचं एक भाषांतर त्याच्या नावावर आहे. मुळात जिथे 'विर्तुस', म्हणजे सद्गुण, असा शब्द येतो, तिथे या भाषांतरात बऱ्याचदा 'क्राफ्ट' आहे. हातातल्या कसबाला जो शब्द, तोच मनातल्या सचोटीला!

माझं म्हणणं आताच सांगून टाकतो. शब्दाचा मान त्या शब्दावर पोट भरणाऱ्या माणसाच्या मानाबरोबर चढतो आणि त्याच्याबरोबरच उतरतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. मी सुताराचा मुलगा. वर्गात मास्तरांनी विचारलं, वडील काय करतात? मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे डोक्याचं काम नाही." त्याच आठवड्यात वडिलांनी गाडीचं चाक केलं होतं. कागद नाही, पेन्सिल नाही. तुंब्यात बसवलेला एकही आरा केसभर इकडेतिकडे नव्हता. ते वाक्य मी साठ वर्षं विसरलेलो नाही.

असो. वेलंडकडे येतो. बोएथिअस विचारतो, प्रामाणिक फाब्रिसिअसची हाडं आता कुठे आहेत? फाब्रिसिअस हा रोमचा मुत्सद्दी, इंग्लंडातल्या श्रोत्याला त्याचं काय! पण लॅटिनमध्ये 'फाबेर' म्हणजे लोहार, घडवणारा. त्या नावावरूनच भाषांतरकाराला सुचलं असावं. त्यानं रोमन मुत्सद्द्याला उठवलं आणि त्याच्या जागी वेलंड सोनाराला बसवलं.

हा वेलंड दंतकथेतला. सभागृहात मुलं आहेत, कथा क्रूर आहे, तरी सांगतो. एका राजानं त्याला पकडलं. पळून जाऊ नये म्हणून पायांच्या शिरा तोडल्या आणि बेटावर दागिने घडवायला बसवलं. वेलंडनं राजाच्या दोन मुलांना मारलं. त्यांच्या कवट्यांचे चांदीनं मढवलेले पेले केले आणि ते राजालाच पाठवले. मग उडून गेला. ब्रिटिश म्युझियममध्ये देवमाशाच्या हाडाची एक पेटी आहे, आठव्या शतकाच्या सुरुवातीची. तिच्यावर हा प्रसंग कोरला आहे: वेलंड भट्टीपाशी, सांडशीत मुंडकं, पायाशी धड. त्याच फळीवर, अगदी शेजारी, येशूच्या जन्मानंतर भेटी घेऊन आलेले तीन ज्ञानी दिसतात! पण भाषांतरकाराला सूड नकोच आहे. तो वेलंडला शहाणा म्हणतो आणि कारणही देतो. कसबी माणसाचं कसब कधी हरवत नाही. सूर्याला जागेवरून हलवणं जितकं सोपं, तितकंच ते हिरावून घेणं सोपं. मूळ लॅटिनमध्ये यातलं काही नाही. (टाळ्या)

मागून प्रश्न येतोय, तेव्हा गुलाम नव्हते का? होते. मी सुवर्णयुग सांगत नाही, कृपा करून तसं समजू नका. सुमारे 1000 साली एल्फ्रिक नावाच्या भिक्षूनं मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी संवाद लिहिला. त्यातला नांगऱ्या सांगतो की कितीही थंडी असो, धन्याच्या धाकानं घरी राहता येत नाही. रोज एकरभर तरी नांगरायचं. बैल हाकणाऱ्या पोराचा घसा ओरडून आणि गारठ्यानं बसला आहे. आणि शेवटी नांगऱ्या म्हणतो, मी स्वतंत्र नाही. शब्द मोठा होता, सगळ्यांची स्थिती तशी नव्हती. याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही, पण प्रश्न योग्य आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. मग सुतार, कोष्टी, चांभार यांचे शब्द सोडतो, पावाचं मात्र सांगतो. 'हलाफ' म्हणजे पाव, आजचा 'लोफ'. पाव राखणारा, त्याचा झाला 'लॉर्ड'. पावाची कणीक मळणारी, तिची झाली 'लेडी'. यातला मळण्याचा धातू आणि आपला 'देह' एकाच घराण्यातले. आणि तिसरा होता 'पाव खाणारा', म्हणजे पदरचा माणूस. केंटच्या सुमारे 600 सालच्या कायद्यात, साध्या शेतकऱ्याच्या अशा माणसाला मारलं तर भरपाई 6 शिलिंग. राखणारा आणि मळणारी पदव्या होऊन बसले. खाणाऱ्याचा शब्दच भाषेतून गेला.

आणि 'क्राफ्टी'? पूर्वी बलवान, निपुण. आज लबाड. हसू नका, आपणही 'बनवणे' हे क्रियापद खुर्चीलाही वापरतो आणि माणसालाही. (हशा) अरबीत शहाणपण असलेली 'हिकमत' आपल्याकडे येऊन युक्ती झाली.

दोनच मिनिटं. 1693 साली सॉमरसेटमध्ये एक दागिना सापडला, आता ऑक्सफर्डच्या अॅशमोलिअन संग्रहालयात आहे. त्याच्या कडेनं सोन्याची अक्षरं आहेत आणि दागिना स्वतःच बोलतो, की आल्फ्रेडनं मला घडवून घेतलं. घडवणाऱ्याचं नाव नाही. मोठं केलेलं चित्र दाराशी टेबलावर ठेवलं आहे. आपल्याकडे रवाकाम म्हणतात तसं बारीक काम आहे. सभागृहात कुणी सोनार असतील तर त्यांनी आधी पाहावं आणि जरा थांबावं. ते रवे पत्र्यावर कसे बसवले असतील, हे मला त्यांना विचारायचं आहे.