पगडीचा मान आणि आखाड्याचे ऋण

(एका व्यायामशाळेच्या वार्षिकोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



तांबड्या मातीत वाढलेल्या आपल्यापुढे मी आज ‘मिश्र युद्धकला’ या व्यावसायिक क्रीडाप्रकारातील एका मल्लाविषयी बोलणार आहे. कुस्ती, मुष्टियुद्ध, लाथांचे प्रहार आणि सांधे जखडणारे डाव यांचा त्यात समावेश असतो. प्रेक्षकांना त्यात केवळ रक्त आणि पैसा दिसतो. परंतु अशा पिंजऱ्यातही एखादा माणूस आपले संस्कार घेऊन उभा राहू शकतो. अर्जन सिंह भुल्लर हे त्याचे उदाहरण.

अर्जन यांचा जन्म १९८६ मधला. ते वाढले कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील रिचमंड या गावी. रिचमंडच्या शेजारीच व्हँकुव्हर आहे. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ जहाज ३७६ प्रवासी घेऊन याच व्हँकुव्हरच्या बंदरात उभे होते. त्यांत बहुसंख्य शीख होते. हिंदू आणि मुसलमानही होते. दोन महिने तिष्ठत ठेवून मोजक्या प्रवाशांखेरीज सर्वांना परत पाठविण्यात आले. त्या प्रांतातील भारतीयांचा १९०७ साली हिरावलेला मताधिकार १९४७ पर्यंत परत मिळाला नव्हता. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या प्रकरणाची क्षमा मागितली ती २०१६ मध्ये. पगडी पाहून दार लावून घेणारा तो किनारा लक्षात ठेवा. पुढची कथा त्याच भूमीवरची आहे.

अर्जन यांचे वडील अवतार सिंह पंजाबातून तेथे गेले. ते स्वतः मल्ल होते. गुरू अंगददेवांनी खडूर साहिब येथे मल्लांचा आखाडा उभारला, असे शीख परंपरा सांगते. आपल्याकडे समर्थांनी मारुतीच्या उपासनेला बलोपासनेची जोड दिली. प्रांत निराळे, पंथ निराळे. परंतु शरीर हे धर्माचे साधन आहे, हा विचार एकच. तो विचार अवतार सिंहांनी सातासमुद्रापार नेला आणि मुलाच्या हाती दिला. अर्जन यांनी सायमन फ्रेझर विद्यापीठात कुस्तीत नाव मिळविले आणि २००७ च्या पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धेत कांस्यपदक जिंकले.

मग आले २०१०. राष्ट्रकुल स्पर्धा आपल्या दिल्लीत होत्या. १२० किलो वजनी गटात फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत कॅनडाचे अर्जन भुल्लर आणि भारताचे जोगिंदर कुमार समोरासमोर आले. सुवर्णपदक अर्जन यांनी जिंकले. कॅनडाचे राष्ट्रगीत वाजले. त्या क्षणी आपण दुःख मानायचे की आनंद? माझे उत्तर स्पष्ट आहे. ज्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्या देशाशी निष्ठा ठेवणे हा धर्मच आहे. अर्जन कॅनडासाठी लढले, ते योग्यच होते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही त्यांनी कॅनडाचेच प्रतिनिधित्व केले. कुस्तीत तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय वंशाचे मल्ल. निष्ठा कर्मभूमीला दिली म्हणून संस्कार सोडावे लागत नाहीत, हे त्यांच्या पुढील आयुष्याने दाखविले.

२०१४ मध्ये ते व्यावसायिक लढतींत उतरले आणि २०१७ मध्ये ‘यूएफसी’ या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या संस्थेत दाखल झाले. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेतील ग्लेनडेल येथील लढतीसाठी ते पगडी बांधून पिंजऱ्याकडे चालत आले. पगडी बांधून तेथे येणारे ते पहिलेच मल्ल. अमेरिकेत पगडीमुळे शिखांवर हल्ले झाल्याच्या घटना ताज्या असताना प्रेक्षकांसमोर उचललेले ते पाऊल होते. आणि त्या रात्री ते हरले! प्रतिस्पर्ध्याने त्यांचा खांदा जखडला आणि त्यांना शरणागती द्यावी लागली. परंतु पगडीचा मान जय-पराजयावर अवलंबून नसतो. त्यानंतर त्यांनी तेथेच सलग दोन लढती जिंकल्या.

पुढे ते सिंगापूरच्या ‘वन चॅम्पियनशिप’मध्ये गेले. मे २०२१ मधील त्यांच्या लढतीच्या कार्यक्रमाला संयोजकांनी नावच ‘दंगल’ असे दिले होते. समोर ब्रँडन वेरा होते. हेवीवेट गटाचे अजिंक्यपद २०१५ पासून त्यांच्याकडे होते. अर्जन यांनी कुस्तीच्या बळावर त्यांना जमिनीवर आणले आणि दुसऱ्याच फेरीत पंचांना लढत थांबवावी लागली. एवढ्या मोठ्या संस्थेचे जागतिक अजिंक्यपद प्रथमच भारतीय वंशाच्या मल्लाकडे आले. जून २०२३ मध्ये बँकॉकला रशियाच्या अनातोली मालिखिन यांनी ते हिरावून घेतले. मल्लाच्या आयुष्यात हेही यायचेच.

मित्रहो, ‘भारतीय वंशाचा’ हा शब्द वृत्तपत्रात वाचला की आपली छाती फुगते. पण त्या विजयात आपला वाटा किती? खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर अनेक वर्षांनी. परदेशी गेलेल्या एका पित्याने आखाडा सांभाळला, आणि आपण मात्र आपल्या तालमींच्या जागी गाळे बांधू दिले. दुसऱ्याच्या विजयावर अभिमान सांगणे सोपे असते. आपल्या गल्लीतील पोराच्या खुराकासाठी महिन्याकाठी चार पैसे बाजूला काढणे कठीण.

या वार्षिकोत्सवात टाळ्या वाजवून आपण घरी जाऊ. परंतु उद्या पहाटे आपल्यापैकी प्रत्येकाने घरातील एका मुलाला, आणि मुलीलाही, हाताला धरून या तालमीत आणावे. अवतार सिंहांनी रिचमंडमध्ये जे केले, ते आपल्याला आपल्याच गावात करायचे आहे. एवढी विनंती करून मी थांबतो.

भारत माता की जय!